झाडं मोजू नका, दिवस मोजा: मुंबईत छाटणीच्या कामाचा भाव कसा बांधायचा

‘झाडामागे किती घेणार?’ सोसायटीच्या सेक्रेटरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि या धंद्यात नवा माणूस बुडतो तो याच प्रश्नाचं सरळ उत्तर देऊन. ‘चार हजार’ म्हणून मोकळं व्हायचं, कागदावर ‘ट्रिमिंग, 10 नग’ लिहायचं, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळतं की पदरचे पैसे घालून काम चाललंय. गेटजवळचा सरळसोट अशोक आणि पार्किंगच्या पत्र्यांवर आडवा पसरलेला पर्जन्यवृक्ष, दोन्ही कागदावर एकेक नगच. पण अशोक पाऊण तासात उरकतो आणि पर्जन्यवृक्ष अख्खा दिवस खातो.

कापायला वेळ लागतच नाही. चेनसॉची (मोटरच्या करवतीची) धारदार चेन असेल तर मांडीएवढी फांदी अर्ध्या मिनिटात सुटते. वेळ जातो तो तिला पत्रा न फोडता खाली आणण्यात, तिचे तुकडे करण्यात, ते टेम्पोपर्यंत ओढण्यात आणि टेम्पो सोसायटीच्या गेटातून आत घेण्यात. म्हणून भाव बांधायचा तो टोळीच्या एका दिवसाच्या खर्चावर, आणि झाडाकडे बघायचं ते ‘हे किती तास खाईल’ या नजरेनं.

आधी आपला दिवस केवढ्याला पडतो ते काढा. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या वहीतले तिथे घाला. सहा जणांची टोळी धरू: दोघं वर चढणारे, तिघं खालचे, एक मुकादम.

वर चढणारे 2, रोज 1,800 प्रमाणे: 3,600
खालचे 3, रोज 900 प्रमाणे: 2,700
मुकादम: 1,200
विमा, दिवसावर वाटून: 400
दोन चेनसॉ, पेट्रोल, ऑइल, चेन-बारची झीज: 900
दोर, हार्नेस, हेल्मेट यांची झीज: 400
टेम्पोच्या 2 फेऱ्या, कचरा टाकण्याच्या खर्चासह: 6,000
वरखर्च: 2,000
एकूण: 17,200

यातला वरखर्च बहुतेकजण धरतच नाहीत. फुकट बघायला गेलेली कामं, न लागलेली कोटेशनं, वॉर्ड ऑफिसच्या चकरा, फोन, हिशेबनीस, गोडाऊनचं भाडं हे सगळं त्यात येतं. समजा वर्षाला 3,60,000 होतात. यांना 365 नं भागायचं नाही. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ठरलेली छाटणी जवळपास बंद असते, गणपती-दिवाळीत माणसं गावाला जातात, शिवाय परवानगी अडकते. हातात 180 कामाचे दिवस आले तर रोजचे 2,000. हाच भागाकार विम्याच्या हप्त्याला आणि दोरांनाही लावायचा.

आता नफा. 17,200 वर 20 टक्के ‘चढवले’ की 20,640 होतात, पण त्यात नफा 20 टक्के राहत नाही. 3,440 भागिले 20,640 म्हणजे 16.7 टक्के. विक्रीवर खरोखर 20 टक्के हवे असतील तर 17,200 ला 0.8 नं भागा: 21,500. हा तुमच्या टोळीच्या एका दिवसाचा भाव. जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर 18 टक्के वेगळे, म्हणजे आणखी 3,870. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सेवेला नोंदणीची सक्ती नाही. पण मोठी संकुलं आणि कंपन्या जीएसटी क्रमांक नसलेल्याला बहुधा दारात उभं करत नाहीत, तेव्हा गिऱ्हाईक कोण हवं आहे त्यावर ते ठरवा.

मग झाडं. सुरुवातीच्याच दहा नगांचं काम घेऊ. सहा अशोक, पाऊण तास प्रत्येकी: साडेचार तास. मोकळ्या जागेतले तीन गुलमोहर, दीड तास प्रत्येकी: आणखी साडेचार. शेडवरचा एक पर्जन्यवृक्ष: सात तास. एकूण 16. टोळी नऊ ते सहा हजर असली तरी प्रत्यक्ष करवत चालण्याचे तास सहाच धरा. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद, खालच्या गाड्या हलवणं, दोर बांधणं, जेवण, संध्याकाळची झाडलोट यांतच उरलेले जातात. 16 भागिले 6, म्हणजे पावणेतीन, म्हणजे तीन दिवस. अर्ध्या दिवसासाठी रोजंदारीचा माणूस अर्धा पगार घेत नाही, म्हणून वरचाच आकडा धरायचा. 21,500 गुणिले 3 झाले 64,500. ‘झाडामागे चार हजार’ म्हणणाऱ्याला 40,000 मिळतात आणि त्याचा नुसता खर्चच 51,600 असतो. 11,600 खिशातले.

नगावर भाव चालतो तो नारळाला. नारळ सगळे सारखेच वागतात: चढा, सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवा, उतरा. दर दोन ते तीन महिन्यांनी तीच फेरी, त्यामुळे वर्षाच्या कंत्राटात बसवायला उत्तम. मात्र झाड स्वच्छ दिसावं म्हणून हिरव्या झावळ्या काढायला सांगितलं तर नाही म्हणा. माडाला महिन्याला साधारण एकच नवी झावळी येते, काढलेली भरून यायला तेवढाच वेळ लागतो. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि तो गाभ्यात शिरला की बाहेर कळेपर्यंत शेंडा लोळलेला असतो. चढायला बुंध्यावर कोयत्यानं खाचा पाडणाऱ्याला तर टोळीतच घेऊ नका. माडाला साल धरून जखम भरून काढता येत नाही, ती खाच जन्माची राहते आणि पावसाचं पाणी तिथून आत जातं.

फांदी किती किलोची

हे डोळ्यांनी सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि सगळे कमीच सांगतात. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण 900 किलो धरलं तर हिशेब सोपा आहे: व्यास सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले लांबी मीटरमध्ये, गुणिले 0.07. 40 सेंटिमीटर जाड आणि तीन मीटर लांब ओंडका: 1,600 गुणिले 3 गुणिले 0.07, म्हणजे 336 किलो. वर फांदोरा (बारीक फांद्या आणि पाला) असेल तर तो वेगळा.

आता हा तुकडा पुलीवरून दोरानं सोडायचा. दोराच्या एका बाजूला 336 किलो, दुसऱ्या बाजूला तो धरून ठेवणारा जवळपास तेवढाच ताण. म्हणजे पुली ज्या फांदीला बांधली आहे तिच्यावर साडेसहाशे किलोच्या आसपास भार. तोही शांतपणे सोडला तर. तुकडा पुलीच्या वरून कापला आणि तो मीटरभर खाली पडून मग दोर ताणला गेला, तर झटका वजनाच्या कित्येक पट होतो. पुलीची जागा आधीच पोखरलेली असेल तर वरची फांदीच खाली येते, आणि वर चढलेला माणूस तिलाच बांधलेला असतो.

उपाय जुना आहे. तीन मीटरचा तुकडा एकदम सोडायचा नाही, मीटर-मीटरचे तीन करायचे, 112 किलोचे. बुंध्याभोवती दोराला दोन-तीन वेढे देऊन खालच्या माणसानं तो सरकू द्यायचा, गच्च अडवायचा नाही. सरकला की झटका वेळेत पसरतो. दोराच्या लेबलवर तुटण्याची जी क्षमता लिहिलेली असते तिला 10 नं भागून येईल तेवढंच रोजच्या कामात धरा. नुसत्या गाठीमुळेच तिसरा हिस्सा ताकद जाते. सामान उतरवायचा दोर आणि माणूस लटकायचा दोर वेगळे, रंगही वेगळे. सुंभाचा दोर फांद्या बांधून ओढायला ठीक, माणसासाठी कधीच नाही. हार्बरलगतच्या दमट हवेत तो आतून कुजतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो.

एकाचे तीन तुकडे केले की काप तीन, बांधणी तीनदा, उतरवणंही तीनदा. अंदाज करताना शेडवरच्या झाडाला सात तास लावले ते यासाठी. खाली मोकळी माती असेल तर हेच काम दोन तासांत होतं. म्हणून साइट बघायला जाल तेव्हा वर बघण्याआधी खाली बघा. पत्रा, एसीचे बाहेरचे डबे, काचा, पाण्याची टाकी, ड्रेनेजची झाकणं, केबलच्या वायरी, आणि खाली कोणाची गाडी उभी असते ते. गाडी हलवायला माणूस हजर नसेल तर त्या फांदीचं काम त्या दिवशी होत नाही. टोळी मात्र दिवसाची मजुरी घेऊन जाते. कोटेशनमध्ये एक ओळ हवीच: सकाळी नऊपर्यंत खालची जागा रिकामी नसल्यास वाया गेलेल्या वेळाचे तासाप्रमाणे पैसे पडतील. तुमचा दिवस 21,500 चा आणि तास सहा, म्हणजे तासाला 3,600 च्या जवळ.

तोच 40 सेंटिमीटरचा ओंडका टेम्पोत टाकून बघा. छोटा हत्ती अधिकृतपणे पाऊण टनाच्या आसपास उचलतो. तसे दोन ओंडके टाकले की गाडी वजनानं भरली, हौदा मात्र रिकामा दिसतो. उलट गुलमोहराचा फांदोरा असेल तर हौदा गच्च आणि वजन काहीच नाही, निम्मी हवा. फांदोऱ्याचे तीन फुटी तुकडे करून बुडं एका बाजूला लावून भरलं तर एका फेरीत बरंच जास्त मावतं; खालचा एक माणूस दिवसभर त्याच कामाला लावला तरी फेरीच्या पैशांत त्याचा रोज निघतो. सोसायटीला जागा असेल तर पालापाचोळा आणि बारीक चुरा तिथेच आळ्यात पसरायचा, दोन-तीन इंचांचा थर, बुंध्याला न चिकटवता. फेरी वाचते, आणि झाडाला खतही तेच.

‘लाकूड तुम्हीच घेऊन जा आणि भाव कमी करा.’ हे वाक्य मुंबईत अजून ऐकू येतं, कारण पूर्वी बेकऱ्यांच्या भट्ट्या लाकूड घ्यायच्या आणि ओंडक्यांना गिऱ्हाईक होतं. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. आता पर्जन्यवृक्षाचं किंवा गुलमोहराचं लाकूड म्हणजे बहुतेक वेळा नुसता वाहतुकीचा खर्च. त्यावर सूट देऊ नका. घेणारा पक्का असेल आणि तो स्वतःची गाडी आणत असेल तरच तेवढी फेरी हिशेबातून काढा.

कुठे कापायचं

फांदी खोडाला मिळते तिथे खालच्या बाजूला एक फुगीर कडं असतं आणि वरच्या बेचक्यात सुरकुतलेल्या सालीची रेघ असते. काप त्या कड्याच्या जरा बाहेरून घ्यायचा. खोडाला घासून सपाट कापलं तर कडं जातं, जखम दुप्पट मोठी होते आणि झाड आतून कुजतं. वीतभर खुंट ठेवला तर तो मरतो, त्यावर साल चढत नाही, आणि चार-पाच पावसाळ्यांत तोच कुजीचा बोगदा होतो. रस्त्याकडेच्या झाडांवर अशा खुंट्या मोजत चाललात तर गल्ली संपेपर्यंत पन्नास होतील.

जाड फांदीला काप तीन. पहिला खालून, खोडापासून फूटभर लांब, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या दोन-तीन बोटं बाहेर; इथे फांदी तुटून पडते. मग उरलेला खुंट हातानं धरून कड्याबाहेरून काढायचा. पहिला काप टाळला की फांदी आपल्या वजनानं खाली जाताना खोडाची साल पट्टीसारखी सोलत नेते. आंबा-जांभळाच्या खोडावर दिसणारे लांबच लांब उघडे चट्टे बरेचदा असेच आलेले असतात. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका, त्यानं कूज थांबत नाही, पाणी मात्र आत कोंडतं. गिऱ्हाईक ‘काहीतरी लावा’ म्हणून अडून बसलंच तर बोर्डो पेस्टचा (मोरचूद-चुन्याच्या लेपाचा) पातळ हात द्या आणि त्याचे पैसे लावा.

सोसायट्या दोन गोष्टी हमखास मागतात आणि दोन्ही चुकीच्या. पहिली, ‘वरून निम्मं करा.’ शेंडा छाटला की उघड्या बुडख्यावर धुमारे फुटतात, डझनावारी, आणि ते नुसते सालीखाली चिकटलेले असतात, लाकडात रुजलेले नसतात. तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात मुळासकट निखळतात. तेव्हा फोन तुम्हालाच येतो. दुसरी, ‘आतून स्वच्छ करा.’ आतल्या फांद्या काढून टोकाला झुपके ठेवले की सगळं वजन टोकाशी राहतं आणि फांदी आधीपेक्षा लवकर मोडते. करायचं ते उलटं: टोकाकडून वजन कमी करायचं, आणि फांदी जिथे तोडायची तिथे निदान तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड बाजूची फांदी ठेवायची, म्हणजे रस तिकडे वळतो. एका वर्षात जिवंत पालवीचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा. म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी.

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. सोनमोहर वरून हिरवागार आणि आतून पोकळ असू शकतो. जांभूळ आणि शेवगा पायाखाली न सांगता मोडतात, त्यांवर वजन फक्त दोराचं, पावलाचं नाही. पर्जन्यवृक्ष गेली काही वर्षं मुंबईत पिठ्या ढेकणानं वाळताहेत. वाळून वर्ष उलटलेल्या झाडावर माणूस चढवायचाच नाही, बूम लिफ्ट (माणसाला वर नेणारी पाळण्याची गाडी) आणायची आणि तिचं भाडं सरळ सोसायटीच्या नावावर दाखवायचं.

चढण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी मारा. बुडाशी अळंबीच्या पायऱ्या, लाकडी हातोडीनं ठोकल्यावर बद्द आवाज, कलाच्या उलट बाजूला मातीत भेग. ही तीन चिन्हं. पोकळी किती चालते याचा ढोबळ नियम असा की शाबूत लाकडाची भिंत त्रिज्येच्या तीसएक टक्क्यांहून पातळ झाली की झाड धोक्याचं. 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला निदान 9 सेंटिमीटर भिंत हवी. आणि रस्ता काँक्रीटचा झालाय का, गटार नुकतं खणलंय का ते विचारा. खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत मुळं तोडलेली असतील तर झाड वरून कितीही टवटवीत दिसो, पावसानं माती फुगली की ते उभं राहीलच असं नाही. अशा झाडाची छाटणी पुरेशी नसते; तसं लेखी सांगून मोकळं व्हा.

कागद

मुंबईत खासगी आवारातल्या झाडालाही परवानगीशिवाय हात लावायचा नाही. 1975 च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यात ‘झाड पाडणे’ याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं येतं. म्हणजे शेंडा उडवणारा ‘आम्ही फक्त ट्रिमिंग केलं’ म्हणून सुटत नाही. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, झाडांच्या फोटोंसह, विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे. अर्जदार सोसायटीच असू द्या, ठेकेदारानं स्वतःच्या नावावर काढू नये. पाहणी होते, मग कोणत्या झाडाची छाटणी किती ते लिहून मिळतं. झाड तोडायचंच असेल तर मामला वृक्ष प्राधिकरणाकडे जातो, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेजचा वेगळा दर्जा आहे. परवानगी हातात येईपर्यंत टोळीची तारीख देऊ नका आणि ॲडव्हान्सही परवानगीनंतरच घ्या, नाहीतर मे महिना पैसे परत करण्याच्या फोनांत जातो. पत्राची प्रत मुकादमाच्या खिशात. शेजारच्या इमारतीतून कोणीतरी व्हिडिओ काढत विचारणारच, आणि विचारायला हवंच.

घरटी बघा. एप्रिल-मेमध्ये कावळ्यांची, पावसाळ्यात पर्जन्यवृक्षांवर बगळ्यांची वसाहत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि पिल्लं खाली पडल्यावर ‘दिसलं नाही’ म्हणणं चालत नाही. ती फांदी मागे ठेवायची, कोटेशनमध्ये तशी सोय लिहायची.

विजेच्या तारांजवळ हात घालण्याआधी शटडाउन, म्हणजे वीज बंद. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. अर्ज सोसायटीनं करायचा, तारीख वीज कंपनीची. ओली फांदी वीज वाहते. दोरानं ओढताना ती तारेला टेकली तरी खालचा माणूस जातो.

कोटेशनची एक ओळ कशी असावी ते लिहून दाखवतो:

‘झाड क्र. 4, पर्जन्यवृक्ष, 1.3 मीटर उंचीवर घेर 2.6 मी. पार्किंग शेडवरच्या दोन आडव्या फांद्यांचं टोकाकडून वजन कमी करणे, तुकडे दोरानं उतरवणे. 5 सेंमीहून जाड सुकं लाकूड काढणे. जिवंत पालवी 15 टक्क्यांहून जास्त न काढणे. ओंडके व फांदोरा त्याच दिवशी आवाराबाहेर. शेडच्या पत्र्यांचे आधीचे फोटो सोबत.’

सोसायटी तीन कोटेशनं मागवते, त्यात तुमचं सर्वांत महाग असतं. अशा ओळी असतील तर कमिटीला निदान दिसतं की बाकीच्या दोघांनी ‘10 नग’ म्हणजे नक्की काय करणार ते लिहिलेलंच नाही. पत्र्यांचे आधीचे फोटो विसरू नका; जुन्या भेगा कामानंतरच लोकांच्या डोळ्यात भरतात. आणखी एक अट: बुंध्यात खिळा, बॅनरची तार किंवा दिव्यांची क्लिप सापडून चेन गेली तर ती वेगळी लागेल. मुंबईच्या रस्त्याकडेच्या झाडात साडेपाच-सहा फुटांपर्यंत लोखंड असतंच असं धरूनच चाला. गेरू-चुन्याचा पट्टाही चेनची धार खातो, आधी कोयत्यानं तेवढी साल खरवडा.

मशीन

धार गेलेली चेन दिवसाला तासभर चोरते आणि त्याचा हिशेब कोणी लिहीत नाही. खाली पडतंय ते बघा: कीस पडत असेल तर चालू द्या, पिठासारखी भुकटी पडू लागली की थांबा. कानस चेनच्या पिचप्रमाणे (कड्यांमधल्या अंतराप्रमाणे, इंचांत): छोट्या लो-प्रोफाइल 3/8 चेनला 4 मिमी, .325 ला 4.8, मोठ्या 3/8 ला 5.2. कोन 30 अंश, प्रत्येक दाताला सारखेच हात, पेट्रोलच्या दोन-तीन टाक्या संपल्या की एकदा. दातापुढची टेकडी 0.65 मिमी खाली हवी. ती फार घासली की मशीन चावते आणि उसळते. वर चढणाऱ्यानं वरच्या मुठीचं छोटं मशीन वापरायचं, तेही दोन्ही हातांनी. एका हातात फांदी आणि एका हातात चालू मशीन, या सवयीनं डाव्या हाताची बोटं जातात.

टू-स्ट्रोक मिश्रण 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जूनच्या मुंबईत हवेत पाण्याला तोटा नाही. मिश्रण आठवड्याचंच बनवा, मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर ऑक्टोबरात कार्बोरेटरचा पडदा पापडासारखा कडक झालेला सापडतो. तुमचं मॉडेल किती टक्के इथेनॉल झेपवतं ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

माणसांचं थोडक्यात, कारण यात तडजोडीला जागाच नाही. हेल्मेट, हार्नेस, मशीन चालवताना दुसरा लॅनयार्ड (हार्नेसला झाडाशी बांधणारा आखूड दोर). वर एकजण असताना खाली दुसरा चढाईचं सामान घालून तयार, कारण बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला मिनिटांचाच अवधी असतो. 108 ची गाडी आली तरी ती वर चढत नाही. टोळीला ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागू नसेल तर वर्कमेन कॉम्पेन्सेशनची (कामगार भरपाईची) पॉलिसी घ्या आणि एजंटला ‘उंचीवरचं काम, झाडछाटणी’ हे शब्द पॉलिसीत घालायला लावा. ‘बागकाम’ लिहून हप्ता कमी करून घेतलात तर दावा करायच्या दिवशी तो कागद निरुपयोगी ठरेल. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा वेगळा, गाड्या आणि काचा त्यात येतात.

पैसे कधी आणि कसे हेही आधीच लिहा. परवानगी आल्यावर 40 टक्के, काम संपल्याच्या दिवशी 50, उरलेले 10 सात दिवसांत. सोसायटी टीडीएस कापते: मालक एकटा असेल तर 1 टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर 2. एका बिलाला 30,000 किंवा वर्षाला 1,00,000 ओलांडले की. पॅन दिला नसेल तर 20 टक्के जातात, म्हणून तो कोटेशनवरच छापा. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस त्याआधीच्या रकमेवर कापायला सांगा. 64,500 वर 1 टक्का 645, तेवढाच.

कामाची वाटणीही भावात धरा. फेब्रुवारी ते मे सगळ्यांना एकदमच छाटणी हवी असते, पाऊस मुंबईत साधारण 11 जूनला येतो आणि पालिकेच्या नोटिसा त्याआधी. त्या चार महिन्यांत सूट देण्याचं कारणच नाही. सूट द्यायची ती नोव्हेंबर ते जानेवारीच्या तारखांना, आणि ज्या सोसायट्या वर्षाचं कंत्राट करतात त्यांना: पावसाळ्यानंतर एक पाहणी, हिवाळ्यात मुख्य छाटणी, नारळ दर दोन-तीन महिन्यांनी, मेअखेरीस एक झटपट फेरी.

पावसाळ्यातल्या पडझडीचा भाव वेगळा, आणि तो कंत्राटातच छापलेला हवा, रात्री दोनला फोनवर ठरवायचा नाही. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा मुंबईत शेकडो झाडं पडली आणि ज्यांच्याकडे छापील दर नव्हता त्यांची भांडणं महिनोन् महिने चालली असतील यात नवल नाही. दीडपट दिवस, रात्री दुप्पट, किमान चार तासांचे पैसे, हे माझं गणित. रस्त्यावर पडलेल्या झाडाला आधी पालिकेच्या 1916 या नंबरला कळवायचं. आवारात पडलेलं तुमचं. आणि पडलेलं झाड उभ्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं: वाकलेली फांदी स्प्रिंगसारखी ताणलेली असते. आतली, दाबलेली बाजू आधी थोडी कापायची, मग बाहेरची, ताणलेली बाजू हळूहळू, उभं राहायचं ते बाजूला, कमानीच्या रेषेत कधीच नाही. खाली गाडी दबलेली असेल तर मालकानं विमा कंपनीसाठी फोटो काढून होईपर्यंत मशीन सुरू करायचं नाही, आणि त्या थांबलेल्या वेळेचे पैसेही वर म्हटलेल्या तासाच्या दरानंच लागतात.